पाणी चार दिवसाआड, मग घर पुसायचं कसं? ओटा, फरशी, टाकी आणि टीसीएलचं गणित

सोलापुरात साफसफाईचं सगळं गणित पाण्यापाशी येऊन अडतं. उजनीचं पाणी बऱ्याच भागात तीन दिवसाआड, चार दिवसाआड, कधी त्याहून उशिरा, तेही कुठल्या वेळेला येईल सांगता येत नाही, आणि मधले दिवस बोअरवर काढायचे, ज्या पाण्यात साबणाला धड फेस येत नाही पण तोटीवर पांढरा थर मात्र बघता बघता चढतो. यूट्यूबवरचे क्लिनिंगचे व्हिडिओ बघायला छान वाटतेत, पण त्यात नळ सोडून बादल्यावर बादल्या ओततेत, तेवढ्यात आपल्याकडं घरभराचं दोन दिवसाचं काम निघतं. आणि सारखं कोणी ना कोणी विचारतं की फिनेल किती टाकू, ब्लीचिंग पावडर (म्हणजेच टीसीएल) चालते का, फरशीवर ॲसिड मारू का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहायलोय.

आधी मळ, मग जंतू

धुणं हे एक काम आणि जंतू मारणं हे दुसरं काम. जाहिरातीत दोन्ही एका झाकणात उरकतेत, प्रत्यक्षात तसं होत नाही. साबण मारतो कमी, उचलतो जास्त. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडं ओढ घेतं, दुसरं तेलाकडं, ती तेलकट टोकं मळात घुसतात, मळाचे बारीक बारीक कण करून पाण्यात तरंगत ठेवतात आणि पाण्याबरोबर सगळं वाहून जातं, त्यात जंतू पण जातात. कोरोना, फ्लू असल्या ज्या विषाणूंना बाहेरून चरबीचं आवरण असतं त्यांचं तर आवरणच साबण फोडतो. त्यामुळं रोजचा ओटा, जेवणाचं टेबल, दाराची कडी याला साबणपाणी आणि स्वच्छ फडकं पुरतं, खरंच पुरतं, रोज जंतुनाशक शिंपडत बसायची काही गरज नाही.

जंतुनाशक लागतं ते ठराविक वेळेला. घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले, ओट्यावर कच्चं चिकन-मटण धुतलं-चिरलं, संडास, कुठं रक्त सांडलं, आणि पाणी साठवायची भांडी. आणि तेव्हासुद्धा आधी साबणानं मळ काढून, साध्या पाण्यानं पुसून, मगच जंतुनाशक. कारण क्लोरीन जे समोर येईल त्याच्याशी भिडतं, तेल असो, डाळीचा ओघळ असो, कातडीचा मळ असो, त्याला जंतू आणि मळ यातला फरक कळत नाही. ओटा तसाच चिकट ठेवून वर ब्लीच ओतलं तर सगळं क्लोरीन त्या चिकट्यावरच खर्ची पडतं आणि खालचे जंतू आरामात बसून राहतात. पोपडे आलेल्या भिंतीवर न खरवडता रंग मारण्यातला प्रकार आहे हा.

दुसरी गोष्ट वेळ. औषध मारलं आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसलं तर काहीच झालं नाही समजा. बाटलीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की इतकी मिनिटं ओलं राहू द्या, बहुतेकांत ५ ते १० मिनिटं असतं. आता एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पुसलेली फरशी पंख्याखाली दोन मिनिटांत खडखडीत वाळते, म्हणजे औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. यावर उपाय साधा आहे, पंखा बंद करायचा पण खिडकी उघडी ठेवायची, फडकं जास्त ओलं ठेवायचं, आणि वाळायला लागलं की परत एकदा ओला हात फिरवायचा.

जर्मनीतल्या हेन्केल कंपनीत हर्बर्ट सिनर नावाचा केमिकल इंजिनिअर होता, त्यानं १९५९ मध्ये हे सगळं चार गोष्टींत मांडलं: रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. यातलं एक कमी केलं की बाकीचं वाढवावं लागतं. मला हे सोलापूरसाठीच लिहिल्यासारखं वाटतं, कारण यातल्या दोन गोष्टी आपल्याला फुकट मिळतेत. उन्हाळ्यात दुपारी तीनला गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं, तेलकट कामं त्या पाण्यात उरका, गॅस जाळायची गरज नाही. आणि वेळ म्हणजे भिजत ठेवणं. चिकट जागेवर साबणाचं ओलं फडकं पसरून अर्धा तास विसरून जा, नंतर घासायला निम्मीच ताकद लागते आणि धुवायला तांब्याभर पाणी. फक्त अंडं, दूध, रक्त असलं काही असेल तर गरम पाणी अजिबात नको, प्रोटीन शिजून तिथंच चिकटतं, त्याला आधी गार पाणी.

बोअरचं पाणी आणि साबण

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतेत. साबणाची वडी त्यात घासली की साबण आधी या क्षारांशी जुळतो आणि न विरघळणारी पांढरट साय तयार होते, बादलीच्या कडेला चिकटते तीच. म्हणजे निम्मा साबण मळापर्यंत पोचतच नाही. म्हणून बोअरच्या पाण्याला साबणापेक्षा डिटर्जंट बरा, भांड्याचं लिक्विड किंवा पावडर, त्याची साय तशी बनत नाही. वडीच वापरायची असेल तर बादलीत आधी धुण्याचा सोडा चमचाभर विरघळवा, तो कॅल्शियमला खाली बसवतो, मग साबण कामाला मोकळा. धुण्याचा सोडा म्हणतोय, खाण्याचा नाही. हा हाताला झोंबतो, ग्लोव्हज घाला, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना लावू नका, काळी पडतेत.

हाच धुण्याचा सोडा शेगडीमागच्या टाइल्सवरच्या पिवळ्या चिकट थराला लागू पडतो. फोडणीचं तेल उडून उडून तो थर बसतो, हवा लागून घट्ट होतो, आणि क्षारधर्मी सोडा त्या तेलाचाच थोडाफार साबण करून टाकतो. गरम पाण्यात दोन चमचे, फडकं बुडवून टाइलला चिकटवा, २० मिनिटांनी ओढून काढा. आणि हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल झाला तर घाबरू नका, हळदीतला रंग क्षाराला लाल होतो, धुतला की परत पिवळा. तो डाग घासण्यात जीव घालवण्यापेक्षा वस्तू दोन दिवस कडक उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हापुढं टिकत नाही.

मिक्सरचं सांगतो, कारण सोलापुरात शेंगाचटणी होत नाही असं घर नाही आणि मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग काढून धुणारं घर सापडायचं अवघड. चमच्याच्या दांड्यानं ती रिंग उचकटून बघा एकदा. खाली शेंगदाण्याचं तेल, लसूण आणि तिखट यांचा तपकिरी लगदा असतो, बोटाला चिकटणारा, खवट वासाचा, आणि जुना असेल तर त्यात बुरशीचे काळे ठिपके. वरून पाणी मारून तो निघत नाही, कारण तेलावर पाणी नुसतं घसरतं. आधी कोरड्या कागदानं पुसून घ्या, जेवढं तेल कागदावर आलं तेवढं पाणी वाचलं. मग पाणी न लावता कोरड्या रिंगवर लिक्विडचे दोन थेंब चोळा, आधी पाणी लागलं की साबण पातळ होतो आणि तेलात घुसत नाही. जुन्या टूथब्रशनं खाच घासा, मग थोडं गरम पाणी, परत चोळा, मग धुवा. रिंग आणि झाकण वेगवेगळं उन्हात वाळवून मगच परत बसवा. पात्याच्या खालच्या बाजूला, जिथं जार मशीनवर बसतो, तिथं पण बघा.

घासणीबद्दल थोडं. २०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांच्या स्वयंपाकघरातले वापरलेले स्पंज तपासले, त्यात जिवाणू खच्चून भरलेले निघाले, आणि नियमित उकळून किंवा गरम करून वापरलेले स्पंजसुद्धा काही फार स्वच्छ नव्हते. स्पंज सतत ओला राहतो हे त्याचं मूळ दुखणं. त्यापेक्षा तारेची किंवा जाळीची घासणी बरी, ती लवकर वाळते. काहीही वापरा, पण सिंकमध्ये पाण्यात पडून राहू देऊ नका, खिडकीत उन्हात अडकवा आणि वास आला की टाकून द्या.

ॲसिड कुठं चालतं, कुठं नाही

तोटी, शॉवर, टाइलवरचा पांढरा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला साबण कितीही लावा ढिम्म हलत नाही, त्याला आंबट लागतं. वाण्याकडं लिंबूसत्व मिळतं, ग्लासभर कोमट पाण्यात दोन चमचे टाका, फडकं त्यात भिजवून तोटीला गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा म्हणजे वाळणार नाही, अर्ध्या तासानं ब्रश मारून धुवा. बारीक बुडबुडे आले तर समजायचं काम चालू आहे, थर विरघळून कार्बन डायऑक्साईड सुटतोय. रात्रभर ठेवू नका, तोटीची चकाकी जाते. आणि लिंबूसत्वात किंवा व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा मिसळून जो फेसाळता उपाय दाखवतेत तो दिसायलाच भारी, आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात, उरतं ते खारट पाणी.

आता महत्त्वाचं. सोलापुरातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, शहाबाद आपल्यापासून काही लांब नाही, रेल्वेनं गुलबर्ग्याच्या थोडं पुढं. ही फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, ओट्याचा काळा कडप्पा पण चुनखडीच, कोटा पण तोच प्रकार. म्हणजे तुमची फरशी आणि तोटीवरचा थर हे दोन्ही मुळात एकच द्रव्य आहे. थर विरघळवणारं ॲसिड फरशीला सोडेल का? डाग काढायला म्हणून संडासचं ॲसिड शहाबादीवर ओततेत, डाग जातो खरा, पण दगडाचा वरचा गुळगुळीत पापुद्रापण जातो, फरशी खरबरीत होते आणि मग पुढं आयुष्यभर दुप्पट मळ धरते. शंका असेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसून बघा, तिथं मंद पांढरट डाग दिसला तर त्या दगडाला लिंबू, चिंच, व्हिनेगर, ॲसिड सगळं वर्ज्य. शहाबादीला पातळ साबणपाणी आणि ब्रश, बस्स. ग्रॅनाइट आणि साध्या सिरॅमिक टाइलला हलकं आंबट चालतं.

हे एकत्र करायचं नाही, कधीच नाही

संडासच्या क्लिनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यात ब्लीच किंवा टीसीएल पडलं की क्लोरीन गॅस सुटतो. २२ एप्रिल १९१५ ला पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मनांनी सैनिकांवर सोडला होता तोच गॅस, आणि आपण तो चार बाय तीनच्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये दार लावून तयार करतो. "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होईल" या विचारानं हे घडतं. लिंबू आणि व्हिनेगरनं पण तेच होतं. अमोनियावाल्या काच-क्लिनरबरोबर ब्लीच गेलं तर क्लोरामाईनचा विषारी धूर. नियम एकच ठेवा, एका दिवशी एका जागेवर एकच औषध, आणि दुसरं वापरायचं असेल तर मधे भरपूर पाण्यानं धुवून.

चुकून झालंच, डोळे चुरचुरले, घसा आवळला, तर वर काही ओतायला थांबू नका, श्वास रोखून बाहेर या, दार-खिडक्या उघडा, पोरांना म्हाताऱ्यांना मोकळ्या हवेत न्या. खोकला थांबेना किंवा दम लागायला लागला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

टीसीएल

गावाकडं ग्रामपंचायत विहिरीत जी पांढरी पावडर टाकते तीच टीसीएल, शहरात दुकानात ब्लीचिंग पावडर म्हणून मागा. व्हिएन्नाच्या दवाखान्यात १८४७ मध्ये सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरनं बाळंतिणींना तपासण्याआधी सगळ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू धाडकन खाली आले, ते पाणी याच घराण्यातलं. गंमत म्हणजे जंतूंमुळं रोग होतो हे तेव्हा कोणी मानत नव्हतं, प्रेतांची चिरफाड करून आलेल्या डॉक्टरांच्या हातावरचा प्रेताचा वास त्यानं जातो एवढ्यावरच त्यानं ते निवडलं होतं.

ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतं. त्यावरून हिशेब असा की १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम पावडर म्हणजे साधारण ०.१ टक्के, हे ओटा, मोरी, संडासच्या कड्या-नळ, सिरॅमिक फरशी याला. आणि १ लिटरला १५ ग्रॅम म्हणजे ०.५ टक्के, हे उलटी, जुलाब, रक्त सांडलेल्या जागेला. चमच्यानं मोजू नका, कोणाचा चमचा केवढा सांगता येत नाही, किचनचा छोटा वजनकाटा असेल तर त्यावर मोजा. प्लास्टिकची बादली घ्या, पावडरीत आधी थोडं पाणी घालून लगदा करा, मग बाकीचं गार पाणी, ढवळा, आणि १५-२० मिनिटं झाकून ठेवा. खाली चुना बसतो, वरचं निवळ पाणी हळूच दुसरीकडं ओतून घ्यायचं, तेच औषध. चुन्यासकट वापरलं तर फरशीवर पांढरे ओघळ उठतेत आणि मग लोक म्हणतेत ब्लीचिंगनं फरशी खराब झाली. गरम पाण्यात करू नका, क्लोरीन उडून जातं आणि नाकात झोंबतं. केलेलं पाणी त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी नवीन करा.

तयार लिक्विड ब्लीच आणलं असेल तर बाटलीवरचा टक्का बघा. त्याला हवा असलेल्या टक्क्यानं भागा, आलेल्या आकड्यातून एक वजा करा, तितके भाग पाणी. ५ टक्क्यांचं असेल आणि ०.१ टक्के पाहिजे तर ५० वजा १, म्हणजे ब्लीच १ भाग, पाणी ४९ भाग, सोप्या भाषेत लिटरला २० मिली.

लावल्यावर १० मिनिटं ओलं ठेवायचं आणि मग साध्या ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. स्टीलच्या सिंकवर तसंच सोडलं तर खड्डे पडतेत, पितळ-तांब्याला लावूच नका. रंगीत कपड्यांवर थेंब उडाला तर तो रंग परत येत नाही, जुने कपडे घालून करा.

घरात कोणाला उलटी झाली तर क्रम लक्षात ठेवा, कारण तेव्हा घाईत सगळे चुकतेत. पोरांना दुसऱ्या खोलीत पाठवा, ग्लोव्हज आणि तोंडाला रुमाल, उलटीवर जुने कागद किंवा टाकाऊ फडकं टाकून शोषू द्या, कडेकडून मध्याकडं गोळा करा म्हणजे पसरत नाही, पिशवीत बांधा. झाडूनं किंवा जोरात पाणी मारून कधी ढकलू नका, थेंब उडतेत आणि काही पोटाचे विषाणू इतक्या थोड्यातसुद्धा लागतेत. मग साबणपाणी, पुसून घ्या, मग ०.५ टक्क्याचं पाणी आजूबाजूच्या चार फुटांपर्यंत, १० मिनिटं, मग साधं पाणी. इथं सॅनिटायझर कामाचा नाही, नोरोव्हायरससारख्या विषाणूला चरबीचं आवरण नसतं म्हणून अल्कोहोल त्याला फारसं लागत नाही. शेवटी हात साबणानं धुवायचे, सॅनिटायझरनं नाही.

हौद, पिंप, टाकी

पाणी चार दिवसाआड येतं म्हणजे प्रत्येक घरात पाणी साठवलेलं असणार, आणि साठवलेल्या पाण्यावर डेंग्यूचा डास येणार. या एडिस डासाची मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवते, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतेत, परत पाणी चढलं की फुटतेत. म्हणून पिंप नुसतं उपडं करून परत भरलं तर अंडी तिथंच. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस लागतेत, त्यामुळं आठवड्यातून एकदा पिंप, हौद, कूलर, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून भिंती काथ्याच्या ब्रशनं घासायच्या, खास करून जिथपर्यंत पाणी असतं तो पट्टा. हात फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंनी स्वतःभोवती बनवलेला चिकट थर, त्याच्या आत क्लोरीन नीट पोचत नाही, तोही घासूनच निघतो.

पाणी वाया जाऊ नये म्हणून हे नळ यायच्या आदल्या दिवशी करायचं, तळाला हातभर पाणी उरलेलं असतं त्यातच घासायचं, तेच गढूळ पाणी संडासला किंवा झाडांना. मग १० लिटर पाण्यात १५ ग्रॅम टीसीएल, निवळ पाणी फडक्यानं भिंतींना लावा, अर्धा तास ठेवा, थोड्या साध्या पाण्यानं धुऊन ते काढून टाका, नळ आला की भरा, आणि झाकण घट्ट. झाकण नसेल तर जुनं सुती कापड ताणून दोरीनं बांधा. हे प्रमाण भिंती धुवायचं आहे, पिण्याच्या पाण्यात टाकायचं नाही.

जमिनीतल्या टाकीत मात्र एकट्यानं उतरू नका. बंद टाकीत ऑक्सिजन कमी असू शकतो, आणि क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, ते वर उडून जात नाही, तळाशी साचतं, म्हणजे बरोबर तिथंच जिथं तुम्ही वाकून घासणार. झाकण बराच वेळ उघडं ठेवा, वर एक माणूस उभा ठेवा, टीसीएलचं पाणी आत ओतून मग आत शिरायचं असलं काही नको. आणि ज्यांची शेती आहे त्यांना एक, डाळिंबाच्या-द्राक्षाच्या फवारणीचं बॅरल कितीही वेळा धुतलं तरी घरात पाण्याला आणायचं नाही, प्लास्टिक औषध आत पिऊन बसतं.

फडकं कुठलं, फिनेल कुठलं

जुना सोलापुरी टॉवेल फेकू नका. त्याच्या कापसाच्या बारीक वेटोळ्यांमध्ये मळ अडकतो आणि पाणी भरपूर धरतो, पुसायला त्याच्यासारखं कापड नाही. हाताएवढा तुकडा कापा, दोनदा घडी घाला, उलटून-पालटून आठ कोरड्या बाजू मिळतेत, एक बाजू मळली की पुढची. एका बादलीत तेच पोतेरं सतरांदा बुडवून अख्खं घर पुसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण दुसऱ्या खोलीपासून पुढं आपण मळ काढत नसतो, वाटत असतो. स्वच्छ खोलीपासून सुरू, संडास शेवटी, वरून खाली, आतून दाराकडं. पूर्व भागात ज्यांच्या घराशेजारी माग चालतेत त्यांनी कोरडा झाडू मारूच नये, सुताचा भुगा हवेत उडून तासाभरात परत तिथंच बसतो आणि मधल्या वेळात छातीत जातो, ओल्या फडक्यानं उचलायचा.

पण सुती कापडाची एक खोड आहे. बऱ्याच फ्लोअर क्लिनरमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराईड असतं, बाटलीच्या मागं नाव दिसेल, आणि ते कापसाला चिकटून बसतं. बादलीत बरोबर प्रमाणात टाकलं तरी फडक्यातून फरशीवर उतरतं कमी. म्हणून असलं औषध फरशीवर थेट शिंपडा आणि मग पसरवा, किंवा त्यासाठी सिंथेटिक मॉप घ्या. आणि साबण किंवा कपड्याची पावडर टाकलेल्या बादलीतच हे औषध टाकू नका, दोघं उलट प्रभाराचे, एकमेकांना धरून बसतेत आणि दोघंही बाद. आधी साबणानं पुसा, साध्या पाण्यानं पुसा, मग हे.

सुट्टं विकायला येणारं पांढरं फिनेल म्हणजे बहुतेक पाईनचं तेल आणि पाणी, वास झकास, जंतू मारायची ताकद कोणाच्या मालात किती हे बाटलीवर लिहिलेलं नसेल तर भरवसा धरू नका. काळं फिनेल जोरदार असतं पण घरात मांजर असेल तर नकोच, त्यातले फेनॉल मांजराच्या लिव्हरला पचत नाहीत आणि ती पाय चाटून ते पोटात घेते.

मोबाईल, रिमोट, लाइटची बटणं याला पाणी नको, ७० टक्के अल्कोहोल कापसावर घेऊन. ९५ टक्क्यांचं जास्त भारी असेल असं वाटतं पण नाही, जंतूचं प्रोटीन मोडायला थोडं पाणी लागतंच आणि ९५ टक्के झटकन उडून जातं. मेन स्विच बंद करून पुसा, बटणांवर थेट स्प्रे मारू नका, आणि गॅस चालू असताना ओट्याजवळ ती बाटली उघडू नका.

राहिला टीसीएलचा डबा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा, कोरड्या अंधाऱ्या जागी, गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये नाही, आपल्याकडच्या उन्हात त्याचा जोर झपाट्यानं उतरतो. ॲसिडच्या बाटलीशेजारी नको, रॉकेल-पेट्रोल-तेलाजवळ तर बिलकुल नको, मिसळलं तर पेट घेऊ शकतं. आणल्याची तारीख डब्यावर मार्करनं टाका, छोटं पाकीटच आणा, आणि झाकण उघडल्यावर नाकाला झोंबेनासं झालं की ती पावडर जंतू मारायला वापरू नका, चुना उरलाय तो नुसता.